डावा आर्म

धाकट्याच्या पायाला भिंगरी आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्या आठवड्यात ती जरा जास्तच फिरत होती. खाली कारखान्यात मशीनपाशी उभा राहिला की प्लॅस्टिकचे दाणे वाळवायचा ड्रायर आठवायचा. ड्रायरपाशी गेला की टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात अडकवून ठेवलेला तुकडा आठवायचा, आणि तिथे पोचेपर्यंत आपण कशाला आलो तेच डोक्यातून गेलेलं असायचं. चहा तर तो कधी एका जागी संपवतच नसे. अर्धा खिडकीत, उरलेला दाण्यांच्या पोत्यावर. संध्याकाळी वहिनी कप गोळा करत फिरायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुमच्या गळ्यात एक ट्रेच अडकवून देते."

या वेळी मात्र फिरण्याला कारण होतं. डावा आर्म तुटत होता.

आर्म म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. रिमोटवर पळणारी गाडी असते, तिचं पुढचं चाक गाडीच्या अंगाला ज्या तुकड्याने धरलेलं असतं तो आर्म. काळ्या नायलॉनचा, चमच्यापेक्षा थोडा मोठा, एका टोकाला भोक आणि त्या भोकात जाणारी स्टीलची पिन. डावा एक, उजवा एक. गाडी उडी मारून आपटली की सगळा मार या दोघांवर. आणि या गाड्यांना खेळणं म्हणायची सोय नाही. ती चालवणारी माणसं चांगली मोठी, पोराबाळांची, नोकरीधंद्याची असतात आणि खेळणं म्हटलं की तोंड फुगवून बसतात. सुट्टीच्या दिवशी मैदानात मातीचे उंचवटे रचून शर्यती लावतात, हरली की बॅटरीला शिव्या घालतात. हल्ली त्या शिव्या आर्मला पडत होत्या, आणि त्यातही फक्त डाव्याला.

अशा गाड्या जुळवून विकणाऱ्या गृहस्थांना घरात नुसतं 'गाडीवाले' म्हणत. त्यांनी सोमवारी येऊन एक खोका टेबलावर उपडा केला. आत सगळे मोडके आर्म. एकाच जागी मोडलेले, भोकाच्या कडेला, सुरीने कापल्यासारखे साफ.

"सगळे डावे," गाडीवाले म्हणाले. "उजवा औषधालासुद्धा नाही. बघा तुम्हीच."

"दाणे ओले राहिले असतील," धाकटा म्हणाला. नायलॉन हवेतलं पाणी पितं, ते नीट वाळवलं नाही तर माल कच्चा निघतो. या धंद्यात काहीही बिघडलं की आधी दाण्यांवर ढकलायचं असतं.

"ओले असतील नाहीतर कोरडे असतील, मला काय करायचंय? आणि दाणे डाव्यालाच तेवढे ओले कसे?" गाडीवाले खोका झटकत म्हणाले. "शनिवारी येतो. नवा माल काढून ठेवा. तुमच्यासमोर गाडीला लावतो आणि आपटतो. डावा तुटला, तर हा मोल्ड भंगारात घाला. मी दुसरीकडून नवा करून घेईन, आणि कामही तिकडेच जाईल. राग मानू नका."

राग मानावा असा माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला पाठीमागे चार शब्द हासडता येतात. गाडीवाले जाताना दारातून वर बघून म्हणाले, "दादांची तब्येत बरी ना?" आणि धाकट्याने टेबलावरच्या मोडक्या आर्मवर फडकं टाकलं.

कारण मोल्ड, आर्म काढायचा तो साचा, दादाचा होता.

दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. स्टीलच्या ठोकळ्यात पोकळी कोरायची, ती आरशासारखी घासायची, आणि मग त्या पोकळीत वितळलेलं प्लॅस्टिक ओतून हवा तो तुकडा काढायचा, हे कोरण्याचं काम दादाचं. उभी हयात त्यात गेली. मग त्याचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग शर्टाची बटणं वहिनी लावायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नाजूक काम बंद म्हणाले. बंद होण्याआधी दादाने पुरा केलेला शेवटचा मोल्ड हा. एका बाजूला डावा आर्म, दुसऱ्या बाजूला उजवा, दोन्ही एकाच दणक्यात बाहेर.

आता दादा वरच्या मजल्यावर खिडकीतल्या खुर्चीत बसून असे. खाली कारखाना, वर घर, आणि मध्ये एक लाकडी जिना. रोज जेवताना तो वहिनीला एकच प्रश्न विचारायचा, "मोल्ड कसा चाललाय?"

"लोण्यासारखा," वहिनी म्हणायची. दादा मान हलवून पुढचा घास घ्यायचा.

या लोण्याच्या जोरावर दादाने पुन्हा उभारी धरली होती. गाडीवाल्यांना मागच्या चाकांच्या आर्मचाही मोल्ड हवा होता. दादाने त्यांना वर बोलावून सांगून टाकलं, "मी करतो." ते बिचारे भिडस्त, "बघू, बघू," म्हणाले. तेव्हापासून तेलकट कागदात गुंडाळलेला स्टीलचा ठोकळा दादाच्या खुर्चीखाली येऊन बसला होता. सकाळी उठून दादा त्यावर नुसता हात ठेवायचा. धाकटा आणि वहिनी ते बघायचे आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळायचे.

हा मोल्ड भंगारात गेला तर का गेला ते दादाला सांगावं लागेल. आणि सांगितलं, की तो माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही. धाकट्याला दिवसरात्र एवढंच दिसत होतं.

त्याने मोडके आर्म पोत्यांमागे सरकवले. "वहिनी, दादाला यातलं काही कळता कामा नये."

"नाही कळणार," वहिनी म्हणाली आणि ट्रे उगाचच सारखा करत बसली.

मग सुरू झाली धावपळ. मशीनवर नेहमीसारखी वहिनी बसायची, बाकीची खटपट धाकट्याची. धाकट्याने दाणे इतके वाळवले की वहिनी म्हणाली, आता पापुद्रे निघतील. डावा तुटला. त्याने मशीनचं तापमान चढवलं. डावा तुटला. त्याने प्लॅस्टिक आत ढकलण्याचा वेग वाढवला, मग कमी केला, मग रागाच्या भरात पुन्हा वाढवला. उरलेला माल दळून परत वापरायची पद्धत असते, तीही बंद करून कोरे दाणे घातले. उजवा आर्म व्हाइसमध्ये पकडून पकडीने वाकवला की वाकायचा आणि शहाण्या मुलासारखा परत सरळ व्हायचा. डावा वाकवला की टक.

त्या टकचा आवाज धाकट्याच्या कानात बसला होता. जेवताना कोणी चमचा आपटला तरी तो दचकायचा.

"काय रे भिंगरी," दादा म्हणाला, "ताटावर तरी स्वस्थ बस. खाली सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

"मोल्ड?"

"लोण्यासारखा," वहिनी म्हणाली. ती एका गालाने जेवत होती. तिची दाढ बरेच दिवस ठणकत होती आणि आता गाल फुगून आला होता.

त्या दाढेनेच पुढचं सगळं घडवलं. शुक्रवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी बोलावलं, तर वहिनी जायला तयार होईना. शनिवार होऊ दे, म्हणाली. एवढं काही दुखत नाही, म्हणाली. हे बोलताना डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुम्ही जा बघू," धाकटा म्हणाला. "मशीन मी चालवतो. शनिवारचा माल काढायला नको का?"

वहिनी उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. "भाऊजी, मी येईपर्यंत बंदच ठेवा ना मशीन."

"का?"

"असंच आपलं."

"मला काय मशीन चालवता येत नाही?" धाकटा जरा चिडूनच म्हणाला. वहिनी मशीनकडे एकदा वळून बघून गेली.

त्याने रोजच्यासारखा मोल्ड थिनरच्या फडक्याने लख्ख पुसला आणि मशीन सुरू केलं. मोल्ड उघडला, उजवा आर्म टपकन ट्रेमध्ये पडला. डावा पडलाच नाही. आतच चिकटून बसला होता. धाकट्याने पितळी सळईने तो हळूच उचकटून काढला. पितळीच, कारण ओरखडा पाडणारी लोखंडी सळई मोल्डला लावली तर दादाने वरून हाक मारली असती, इतकं ते अंगात भिनलेलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. उजवा पडला, डावा अडला. मोल्ड मिटायचा, उघडायचा, थांबायचा, मग सळई, मग शिव्या, मग पुन्हा मिटायचा. रोज धप, सूं, खट अशा तालात चालणारं मशीन अडखळत, ठेचकाळत चाललं. धाकट्याचा शर्ट पाठीला चिकटला.

वरून काठीचे ठोके आले. दादाला काही विचारायचं असलं की तो जमिनीवर काठी आपटायचा.

"काही नाही, दादा, दाणे बदलतोय," धाकटा खालून ओरडला.

वहिनीच्या हाताखाली गुपचूप पडणारा आर्म आपल्यावरच का रुसला, हे त्याला कळेना. आधी तुटत होता, आता निघेनासा झाला. हा नवा ताप कोणाला सांगायचा? रागारागाने त्याने उचकटलेला एक डावा व्हाइसमध्ये आवळला आणि निव्वळ मोडायच्या इराद्याने पकडीने वाकवला.

मोडला नाही. वाकला आणि परत आला.

त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला, पार उलटा दुमडला. पांढरी रेघसुद्धा उमटली नाही. सकाळपासून काढलेले सगळे डावे त्याने एकेक करून पिळून पाहिले आणि एकही टक म्हणाला नाही. मग तो दाण्यांच्या पोत्यावर बसला. बसला हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

दाणे तेच, तापमान तेच, मोल्ड तोच. त्याने चालवलं तर डावा अडतो पण तुटत नाही, वहिनीने चालवलं तर अडत नाही पण तुटतो. वहिनी काहीतरी करते, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यामागोमाग त्याहून घाणेरडा विचार आला, की मुद्दाम करत असेल का. दादाने पुन्हा स्टीलला हात लावू नये म्हणून? दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. या बाईने त्याला लहानाचा मोठा केला होता. तो उठला आणि पुन्हा येरझाऱ्या घालायला लागला.

वहिनी दाढ काढून आली ती गालात कापसाचा बोळा घेऊन. बोलायची सोय नव्हती. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग पितळी सळईकडे, मग धाकट्याकडे.

"जरा चालवा बघू," तो म्हणाला. "मी इथेच उभा आहे."

ती बसली. धप, सूं, खट. मशीनला जणू हुशारी आली. धाकटा तिच्या खांद्यामागे उभा राहिला. पाय वळवळत होते, ड्रायर बोलावत होता, तरी तो हलला नाही. आणि मग त्याला दिसलं.

मशीनचं दार उघडायचं, उजव्या हाताने आर्म घ्यायचे, आणि दार लावण्याआधी डाव्या हाताने खालच्या फळीवरचा स्प्रेचा डबा उचलून डावीकडे एक बारीकसं फुस. मग दार बंद. वहिनी त्या डब्याकडे बघतही नव्हती. कपाळावरची बट मागे सारावी इतक्या सहज तो हात जात होता आणि येत होता. माल मोल्डला चिकटू नये म्हणून मारायचा तेलकट स्प्रे, तो प्रत्येक मशीनपाशी असतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. डबे फार लवकर संपतात म्हणून धाकट्याने दुकानदाराशी दोनदा हुज्जत घातली होती. पण वहिनीच्या मागे दोन मिनिटं शांत उभं राहणं त्याला आजवर जमलं नव्हतं.

त्याने ट्रेमधला कोमट डावा उचलला, व्हाइसमध्ये लावला. टक.

मशीन थांबलं. वहिनी मान खाली घालून बसली होती.

"वहिनी, तो स्प्रे," धाकटा म्हणाला. आवाज चढू नये म्हणून त्याला श्वास घ्यावा लागला. "प्लॅस्टिक आत येतं, भोक पाडणाऱ्या पिनेशी दोन वाटांनी फुटतं आणि पलीकडे परत जुळतं. जुळतं तिथे हे तेल जाऊन बसतं. तेलाच्या हाताने चिकटपट्टी लावली तर धरेल का? तसं झालंय हे. म्हणून दर वेळी भोकाच्या कडेलाच मोडतंय."

वहिनीने बोळा बाहेर काढला. ओठ बधिर होते, शब्द जाड येत होते. "पहिल्या दिवसापासून अडतोय तो डावीकडे. तिथे पॉलिश कमी पडलंय यांचं. यांना कसं सांगू? हे रोज विचारतात. स्प्रे मारला की पडायचा छान. मला वाटलं, तेवढ्याने काय होतंय."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही उभे कधी राहिलात, भाऊजी?"

खोका आला त्या दिवशी तुम्हाला संशय आला नाही का, हे विचारणं त्याच्या जिभेवर आलं आणि त्याने ते गिळलं. तिला आलाच असणार. आला असेल आणि तिने त्याच्याकडे पाठ केली असेल. तिच्या जागी त्यानेही तेच केलं असतं.

दोघं कुजबुजत बसले. स्प्रे थांबवला तर आर्म निघणार नाही, उचकटून काढला तर ओरखडे पडणार, ते गाडीवाले खपवून घेणार नाहीत. एकच इलाज, डावीकडे पुन्हा पॉलिश. बाहेर पाठवावा तर साखळीने मोल्ड उतरवावा लागेल आणि त्या खडखडाटाने दादा जागेवर राहणार नाही. धाकट्याने स्वतः करावं तर पॉलिशला बसावं लागतं, तासन्‌तास, एका जागी.

"रात्री हे झोपले की," वहिनी म्हणत होती, तोच जिन्यावर चपला वाजल्या.

दादा खाली येत होता. एक हात कठड्यावर, दुसरा काठीवर. कितीतरी दिवसांनी तो खाली उतरला होता. वहिनीने तत्परतेने बोळा परत गालात कोंबला. आता तिला कोणी काही विचारू शकत नव्हतं.

"सकाळी मशीन ठेचा खात होतं," दादा म्हणाला. "ही आली आणि धावायला लागलं. मग थांबलं ते थांबलंच. काय चाललंय?"

"ड्रायरचं जरा," धाकट्याने सुरुवात केली.

दादाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. व्हाइसमध्ये डाव्या आर्मचा अर्धा तुकडा अडकून होता आणि अर्धा टेबलावर पडला होता. दादाने तो उचलला. बोटांत तो टेबलाच्या कडेवर टकटक वाजायला लागला, तेव्हा त्याने हात छातीशी धरला आणि मोडलेली कड डोळ्यांजवळ नेली. मग त्याने तिचा वास घेतला. मग त्याची नजर खालच्या फळीवरच्या डब्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"मशीन बंद आहे ना?"

"आहे."

दादाने दार सरकवलं आणि उघड्या मोल्डमध्ये हात घातला. बोट थरथरत होतं, पण चाचपडलं नाही. डावीकडच्या आतल्या भिंतीवर, भोकाच्या जरा वर, ते नेमकं जाऊन टेकलं.

"इथे," तो म्हणाला.

जागा त्याला कोणीच सांगितली नव्हती.

"राहिलं होतं," दादा म्हणाला. "शेवटचा हात फिरवताना पॉलिशची काडी निसटत होती. मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, अडला की ही सांगेल. मग लाजत का होईना, उतरेन खाली आणि करेन पुरं."

वहिनीने बोळा काढून मुठीत धरला. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"रोज विचारत होतो की."

वहिनीला हे लागलं. तिने मुठीतला बोळा आणखी आवळला.

"रोज लोणी, रोज लोणी," दादा म्हणाला. तो रागावला नव्हता, तेच धाकट्याला सहन होईना. "इतके दिवस ऐकलं, की शेवटी मलाच खरं वाटायला लागलं. वाटलं, त्या दिवशी हात हललाच नसेल, उगाच माझ्या मनाचे खेळ. म्हणून तर गाडीवाल्यांना म्हणालो, मी करतो. खुर्चीखाली ठोकळा ठेवून बसलो बावळटासारखा."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," वहिनी म्हणाली.

"आता काय चांगलं वाटतंय?"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. दादा पोत्यावर बसला, धाकट्याने सकाळी खोलगट केलेल्या जागेवरच, आणि बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. हा आता उठून वर जाईल आणि खुर्चीत बसेल, धाकट्याला वाटलं, आणि मग संपलं. त्याला ओरडावंसं वाटत होतं. त्याऐवजी त्याने कोपऱ्यातला चहाचा कप उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"माझी पत्र्याची पेटी आण," दादा म्हणाला.

पेटीत लाकडाच्या चपट्या काड्या होत्या आणि छोट्या डब्यांत हिऱ्याच्या भुकटीचं मलम. दादाने एका काडीला मलम लावलं, मोल्डमध्ये हात घातला. काडी भिंतीवर एकदा टेकली आणि उडाली. दुसऱ्यांदा टेकली आणि उडाली. त्याने ती बाहेर काढून वहिनीपुढे धरली.

"धर."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"खोटं इतकं गुळगुळीत बोलता येतं, तर हेही येईल."

वहिनी रडता रडता हसली, आणि टाके दुखले म्हणून कळवळली. तिने काडी घेतली. दादा तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. बोट लावून जागा दाखवायचा, मग हात काढायचा. ती घासायची, तो पुन्हा बोट लावायचा. "आडवं नाही, आर्म ज्या दिशेने निघतो त्याच दिशेने. जोर नको लावूस. हं. भोकाजवळ जाऊ नकोस, तिथे मी चांगलं केलंय." थरथरतं बोट दिसायला थरथरतं होतं, पण त्याला जे कळत होतं ते कळतच होतं. धाकट्याच्या हातात दिवा दिला होता. जरा हलला की दादा म्हणायचा, "भिंगरी, सावली पडते." पिंडऱ्यांत मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली, तरी तो दिवा धरून दुपारभर उभा राहिला.

चार वाजून गेल्यावर मोल्ड थिनरने पुसला आणि मशीन सुरू केलं. दार उघडलं. उजवा पडला. डावा क्षणभर लोंबकळला आणि पडला. वहिनीचा डावा हात सवयीने खालच्या फळीकडे गेला आणि मोकळाच परत आला. डबा दादाने काखेत धरून ठेवला होता.

शनिवारी गाडीवाले आले. नवे आर्म लावून त्यांनी गाडी रस्त्यावर सोडली आणि पूर्ण वेगात समोरच्या दगडी पायरीवर घातली. गाडीने कोलांटी खाल्ली. त्यांनी ती परत घातली, मग मुद्दाम डाव्या अंगावर घातली. बंपर तडकला, एक दिवा गटारात गेला, डावा आर्म जागच्या जागी.

"बंपर आमच्याकडचा नाही," धाकटा घाईघाईने म्हणाला.

"होतं काय नेमकं?" गाडीवाल्यांनी विचारलं. धाकट्याने तोंड उघडलं. दाण्यांचं, ड्रायरचं, दमट हवेचं, सगळं जिभेवर तयार होतं.

"माझं पॉलिश राहिलं होतं," दादा दारातून म्हणाला. "माल निघावा म्हणून यांनी स्प्रे मारला, स्प्रेने जोड कच्चा राहिला. आता झालं ते पुरं. आणि तो मागच्या आर्मचा मोल्ड, त्याचं स्टील दुसऱ्या कोणाकडून कापून घ्या. पॉलिशला इथे आणा."

"कोण करणार?"

दादाने काठीने वहिनीकडे बोट दाखवावं तशी खूण केली. वहिनी गालावर पदर धरून उभी होती. गाडीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या आर्मकडे पाहिलं. "आणतो," ते म्हणाले. "उगाच कशाला भंगारात घालायचा असला मोल्ड."

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा खुर्चीखाली ठोकळा नव्हता. दादाने तो धाकट्याकरवी खाली पाठवला होता, फळ्या दाबायला कामाला येईल म्हणून. दादा सावकाश जेवत होता. वहिनी मऊ भात कालवत होती. धाकट्याला वाटत होतं, आज तरी तो प्रश्न येऊ नये.

"मोल्ड कसा चाललाय?" दादाने विचारलं.

"लो..." वहिनी म्हणाली आणि थांबली. तिने घास ताटात ठेवला.

"वरच्या कोपऱ्यात अजून जरा ओढतोय," ती म्हणाली. "पडतो आपला आपण. पण पडताना विचार करतो."

दादाचा चमचा ताटाच्या कडेवर वाजत होता. तो त्याने खाली ठेवला.

"कोणता कोपरा? पिनेकडचा की पलीकडचा?"

"पलीकडचा."

"मला वाटलंच होतं," दादा म्हणाला, आणि काठीसाठी हात लांब केला. त्याच्या आवाजात इतक्या महिन्यांत न ऐकलेलं काहीतरी होतं. "माझ्या काड्यांची पेटी कुठे ठेवलीस?"

"अहो, आधी जेवून तर घ्या."

पण तो उठला होता. वहिनीने ताटांवर झाकण घातलं, हात धुतला आणि त्याच्या मागोमाग निघाली. धाकटा कधीच जिन्याच्या तळाशी पोचला होता, दिवा लावून.